लोडाच्या जागी

माझ्या सासऱ्यांच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. गोष्ट सत्तावन्न सालची. पत्र साधंच होतं, निळं अंतर्देशीय. दाजींची बांद्याला कापडाची पेढी होती, आणि बिलं लिहून लिहून त्यांचं अक्षर बसकं, आटोपशीर झालेलं. एका शब्दाचंही पाल्हाळ नाही. त्यांनी लिहिलं होतं:

‘तुमच्या बाजूस आलेल्या आमच्या एका गिऱ्हाइकाने सुगंधास पाहिले. विहिरीवरून घागरी वाहत होती म्हणतो. वाळली आहे म्हणतो. तुमचा अभ्यास पुरा होईतो तिने इकडे राहावे असे थोरल्या भाऊंचे मत पडले, व माझेही आहे. न्यायला कधी येऊ ते कळवावे. आणि एक विचारतो, राग नसावा. ती सुखात आहे ना?’

उत्तर लिहायला मी अनेकदा बसलो. ‘तीर्थरूप दाजी यांस शिरसाष्टांग नमस्कार’ इथपर्यंत हात चालायचा आणि मग थांबायचा. ‘न्यायला या’ म्हणावं, तर मला ती जायला नको होती. ‘येऊ नका’ म्हणावं, तर ती इथे सुखात आहे असं लिहावं लागलं असतं, आणि ते मला माहीत नव्हतं. तिलाच विचारणं सोपं होतं. पण ती ‘जातंय’ म्हणाली असती तर मी काय करणार होतो? मी पत्र पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवलं आणि रोज त्याच बासनातून पोथी काढून पाठ करत राहिलो.

मी तेव्हा तोंडवलीला धोंडूभट गुरुजींच्या घरी याज्ञिकी शिकत होतो. याज्ञिकी म्हणजे लग्नमुंजीपासून श्राद्धपक्षापर्यंतची सगळी कर्मं यजमानाकडून करवून घेण्याची विद्या. ती मुलं दहाबाराव्या वर्षी शिकायला लागतात. मी बाविशीत लागलो. माझे वडील शिरोड्याच्या बाजूला काही वाड्यांचे भटजी होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. भटजीची वाचा गेली म्हणजे सगळंच गेलं. मला तोवर पुस्तकं वाचण्यापलीकडे काही येत नव्हतं. कुठेतरी मराठी शाळेत मास्तर व्हावं, असं मनात होतं. पण वडिलांचे यजमान घरी येऊन म्हणाले, तुम्ही शिकून या, आम्ही थांबतो. शेजारच्या गावचे भटजी म्हणाले, तोवर तुमच्या वाड्या मी सांभाळतो, परत आलात की तुमच्या तुम्हाला. त्यांनी तो शब्द पाळला. एवढ्या लोकांनी माझ्यासाठी थांबावं असं माझ्यात काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुजींकडे मी एकटाच विचारायला गेलो होतो. त्यांनी मला काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलं. मी सुरुवात केली आणि मध्येच अडकलो. ते झोपाळ्यावर बसले होते. पायाने झोका थांबवून त्यांनी विचारलं, “लग्न झालंय?”

मी शरमेने होय म्हटलं. पाठशाळेत संसारी माणसाला कोण घेतं? ‘परत जा’ हे ऐकायची मी मनाची तयारी केली. गुरुजी मात्र स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, “आनंदी, ऐकलंस? लोडाची सोय झाली.”

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. पाठशाळेतली मुलं लग्न लावायला शिकत ती एका लोडाचं. भिंतीला टेकायचा जुना, कापूस गोळा झालेला लोड हा नवरा आणि उभा केलेला पाट ही नवरी. मुलं त्यांच्याभोवती मंत्र म्हणत, अंतरपाट धरत आणि बाहेर पडली की खऱ्या लग्नात गांगरत. लोडाने कधी सुपारी खाली पाडली नव्हती. पाटाने कधी ‘उजवा हात की डावा?’ असं विचारलं नव्हतं. गुरुजींना किती दिवसांपासून एक जिवंत जोडपं हवं होतं, आणि वेदपाठशाळेत जोडपं येणार कुठून?

म्हणून माझ्या मागोमाग सुगंधालाही बोलावणं गेलं. गुरुजींनी खळ्याच्या कडेची खोपी आम्हाला दिली. एका बाजूला भाताचं तूस, शेणी आणि जुनी जाळी असायची, दुसऱ्या बाजूला आम्ही. पावसात ती गळायची. कुठे गळते ते आम्हाला पाठ झालं होतं, आणि बहुधा तेवढंच एक मला न चुकता पाठ होतं.

सकाळी मुलं पेज पिऊन संथा घ्यायला बसायची. मी त्यांच्यात बसायचो. सगळ्यांत मागे, कारण मी पुढे बसलो की धाकट्यांना गुरुजी दिसत नसत. गुरुजी एक ओळ दोनदा म्हणायचे, मग आम्ही. दहा वर्षांचा बाबू ती तिसऱ्यांदा न बघता म्हणायचा. मी दुपारी समुद्राच्या बाजूला केवड्याच्या बनामागे जाऊन तीच ओळ वाळूवर फेऱ्या मारत घोकायचो आणि परत येईपर्यंत तिचा मधला तुकडा कुठेतरी सांडून यायचो. मी इथे विद्यार्थी म्हणून आहे की फक्त लोडाच्या जागी, अशी शंका मला यायची. गुरुजींना विचारायचं धैर्य कधी झालं नाही.

सुगंधा आनंदीकाकींच्या हाताखाली सगळ्या मुलांचा स्वयंपाक करायची. कुळथाची पिठी, भात, फणसाची भाजी, सणाला घावणे. दोन्ही वेळचं पाणी विहिरीवरून तिलाच आणावं लागे. मुलांचे कपडे धुणं आणि डोक्यांना तेल लावणंही तिच्याकडे आलं होतं. बांद्याला ती घरची एकुलती मुलगी होती. आई लहानपणीच गेलेली. पेढी चांगली चाले, कामाला बाई होती. मी तिला हे कुठे आणून ठेवलं, असं घागर घेऊन येताना ती दिसली की मनात यायचं आणि मी मान खाली घालायचो. ती वाळली होती हे खरंच होतं. मीही वाळलो होतो, पण माझ्यासाठी पत्र लिहिणारं कोणी नव्हतं.

जेवणं आटोपली की आमचा सराव सुरू व्हायचा. आठवड्यात एकदा तरी आमचं लग्न लागायचंच. पुरोहित आळीपाळीने बदलायचे. त्यांतला मोठा दत्ताराम. सोळा वर्षांचा, आवाज नुकताच फुटलेला. तो फार कडक होता. सुगंधाला ‘यजमानीणबाई’ म्हणायचा आणि पदर सावरायलाही मध्ये सवड द्यायचा नाही. सुगंधा त्यांना सतावायची. ‘भटजीनू, दक्षिणा किती घेशात?’ असं ती गंभीर चेहऱ्याने विचारायची आणि बाबू खरंच विचारात पडायचा. लाजाहोमाला लाह्यांऐवजी तूस असायचं. ते नाकात जाऊन ती शिंकली की दत्ताराम म्हणायचा, शिंकेला प्रायश्चित्त आहे, थांबा, आठवतो.

आमची वास्तुशांत झाली, सत्यनारायण झाले, बारशी तर कितीतरी झाली. बारशाला पाळण्यात वरवंटा असायचा, कुंची घातलेला. मुलं त्याला नावं ठेवायची. आमच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि घरी त्यावरून विचारणा होत होती, त्यामुळे पहिल्यांदा वरवंटा मांडीवर दिला तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. तिने कुंची सारखी केली, वरवंट्याला जरा जोजवलं आणि बारसं संपल्यावर त्याच वरवंट्याने चटणी वाटायला घेतली. “पोरगो कामाचो आसा,” ती आनंदीकाकींना म्हणाली. दोघी हसल्या. त्या हसण्याखाली काय होतं, मला वाचता आलं नाही. पुस्तकाखेरीज मला दुसरं काही वाचता येत नसे.

या सरावाला गुरुजींचा एकच कडक नियम होता. सगळं कोरडं करायचं. कुंडात लाकडं रचायची, पण पेटवायची नाहीत. पळीपंचपात्र मांडायचं, पण रिकामं. ‘उदक सोडा’ म्हटलं की रिकामी पळी रिकाम्या ताम्हनात कलती करायची. गुरुजी सांगायचे, संकल्प करून पाणी सोडलं की ते कर्म झालं. पाणी न सोडता केलं तो अभ्यास. देवाला खोटं पाडायचं नाही. ही शिस्त मुलांच्या इतकी हाडात मुरली होती की एकदा पावसात खोपीची धार पंचपात्रात पडली, तेव्हा बाबूने ते पळत जाऊन उलटं करून ठेवलं.

आम्ही आल्यामुळे लोडाला बढती मिळाली होती. तो आता वधूपिता झाला होता. त्याला कन्यादानापुरतं पूर्वेकडे आणून बसवायचे, खांद्यावर उपरणं टाकायचे आणि त्याच्या वतीने कोणीतरी पळी कलती करायचं.

त्या वर्षी दिवाळी झाली, तुळशीचं लग्न तोंडावर आलं. त्यानंतर लग्नसराई, म्हणून गुरुजींनी रोजच लग्नाचा सराव घ्यायचा ठरवलं. दाजींच्या पत्राला उत्तर गेलं नव्हतंच. अशाच एका दुपारी आम्ही खळ्यात बसलो होतो. माझ्या डोक्याला माडाच्या पातीच्या मुंडावळ्या होत्या, सुगंधाच्याही. कन्यादान जवळ आलं होतं. दत्ताराम लोडाचं उपरणं नीट करत होता. गुरुजी झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत होते. चूक झाली की खोकायचे, एवढंच.

कुंपणाच्या वईपाशी एक माणूस येऊन उभा राहिला. काळी टोपी, काखेत छत्री, हातात वहाणा आणि धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. सर्जेकोटच्या तरीवरून, म्हणजे खाडीच्या होडीतून, उतरणारा प्रत्येक माणूस असाच ओला असतो. मी पाहिलं, आणि ते दाजी होते. गोव्याची हद्द बंद झाल्यापासून बांद्याचा बाजार बसला होता. पेढीवर गिऱ्हाईक नव्हतं. उत्तराची वाट बघून ते स्वतःच निघून आले होते.

सुगंधा उठायला लागली. बाबूने तिला तिथल्या तिथे थांबवलं. “यजमानीणबाई, मध्ये उठायचं नसतं.”

दाजी आमच्याकडे बघत राहिले. आपली मुलगी, आपला जावई, दोघांच्या डोक्याला मुंडावळ्या, आणि भोवती शेंड्यांची पोरं. त्यांना काहीच उमजेना. आनंदीकाकींना ते कोण हे ठाऊक नव्हतं, पण उन्हातून आलेल्या माणसाला कोण म्हणून विचारायच्या आधी गूळपाणी द्यायचं ही त्यांची रीत. त्यांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला.

“ह्यां काय चाललां?” दाजींनी मुलीला विचारलं.

“सराव, बाबा,” ती म्हणाली. “लग्नाचो.”

दत्तारामने विचारलं, आपण वधूचे कोण? दाजी म्हणाले, बापूस. त्या मुलांना केवढा आनंद झाला काय सांगू. त्यांच्या शिक्षणात पहिल्यांदाच खरा वधूपिता आला होता. दत्तारामने लोड उचलून भिंतीकडे नेला आणि त्या जागी पाट मांडला.

“माका बसाक जमूचां नाय,” दाजी म्हणाले. ते तांब्या घेऊन तसेच उभे होते. “माझी बाईल नाय.”

इथे मला सांगायला हवं की आमच्या खऱ्या लग्नात कन्यादान दाजींनी केलं नव्हतं. ते विधुर. कन्यादान जोडप्याने करायचं, आईने झारीची धार धरायची, म्हणून त्यांचे थोरले भाऊ आणि भावजय बसली. दाजी तेव्हा मांडवात कुठे होते, मला आठवत नव्हतं. फार आठवून बघितलं तर एका खांबामागे ही काळी टोपी दिसते. पण ती मी मागाहून आठवणीत घातलेली असेल, माझी खात्री नाही.

दत्तारामला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “इथे सगळं चालतं. कालपर्यंत लोड बसत होता.”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खोकतील, थांबवतील असं वाटलं. त्यांनी डोळे उघडले, दाजींकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. दाजींनी वहाणा बाजूला ठेवल्या. छत्री ठेवली. टोपी काढली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा घातली. आणि ते पाटावर बसले. तांब्या तेवढा हातातच राहिला.

खाली काशाचं ताट होतं. त्यावर माझी ओंजळ, माझ्या ओंजळीवर सुगंधाची. दत्ताराम मंत्र म्हणू लागला. खऱ्या माणसापुढे त्याचा आवाज जरा कापत होता. दाजींना संस्कृत कळत नव्हतं. ते मुलीच्या हातांकडे बघत होते. घागरींच्या दोराने तिच्या बोटांना घट्टे पडले होते, ते त्यांना एवढ्या जवळून दिसत असणार. मला माझी ओंजळ काढून घ्यावीशी वाटली.

“उदक सोडा,” दत्ताराम म्हणाला.

पाठशाळेतल्या कोणीही रिकामी पळी कलती केली असती. दाजी पाठशाळेतले नव्हते. त्यांना पाणी सोडायला सांगितलं आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तो वाकडा केला. विहिरीचं गार पाणी सुगंधाच्या हातांवरून माझ्या हातांवर आलं आणि ताटात पडलं. थोडं माझ्या धोतरावर सांडलं. धार बारीक होती, पण त्यांनी ती तांब्या रिता होईपर्यंत थांबवली नाही.

दत्तारामचा मंत्र तुटला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी हळूच म्हणालं की पाणी खरं आहे.

दाजी घाबरले. “माझां काय चुकलां?”

गुरुजी झोपाळ्यावरून उतरून आले. वाकून ताटात बघितलं, जणू त्यातलं पाणी त्यांना ओळखायचं होतं. मग दाजींना विचारलं, “सोडताना मनात काय होतं?”

दाजींनी रिता तांब्या खाली ठेवला. “दुसरां काय असतलां? सुखात रव, एवढांच.”

“मग झालं,” गुरुजी म्हणाले. “संकल्प म्हणजे आणखी काय असतो? तुम्ही चुकला नाहीत.” आणि ते मुलांकडे वळले. “सराव इथे संपला. हे पाणी तुळशीला घाला. कोणी ओलांडू नका.”

दाजींनी तरी पुन्हा विचारलंच की मी विधुर, माझं चालतं का. गुरुजी म्हणाले की शास्त्रात बापाला मनाई केलेली त्यांच्या वाचनात नाही. ती लोकांची रीत आहे, आणि रीत पाळणाऱ्या लोकांना दोष देण्यातही अर्थ नाही. हे त्यांनी अगदी साध्या सुरात सांगितलं. दाजी मान हलवत राहिले. मग ते उठले आणि विहिरीकडे गेले. पाय धुवायला म्हणून गेले, पण बराच वेळ आले नाहीत. सुगंधा निघाली होती, आनंदीकाकींनी तिला हाताने थांबवलं.

रात्रीच्या पंगतीला आनंदीकाकींनी खीर केली होती. दाजी गुरुजींच्या शेजारी बसले होते, मी समोर. गुरुजींनी सहज विचारलं, “येणं कसं केलंत?”

दाजींनी भात कालवायचा थांबवला. “चेडवाक न्हेवक इललंय,” ते म्हणाले. माझ्याकडे बघत पुढे म्हणाले, “पत्र घातललंय. उत्तर नाय.”

मुलांनाही कळलं की हे काहीतरी मोठं आहे. आपली यजमानीणबाई जाणार, असं बाबूच्या तोंडावर सरळ उमटलं. मी पत्रावळीकडे बघत होतो. तिथे आता तरी मी बोलायला हवं होतं. माझ्या मनात वाक्य जुळत होतं, पण माझ्या मनात वाक्य जुळेपर्यंत लोकांची जेवणं होतात.

सुगंधा वाढत होती. तिच्या हातात खिरीचा डाव होता. ती माझ्यापुढे येऊन थांबली, पण बोलली वडिलांशी.

“पत्र इलां ता माका म्हायत आसा, बाबा. पोथी उन्हात घालताना दिसलां. हे विचारशीत म्हणान मी वाट बघी होतंय.”

“आणि?”

“विचारूक नाय. म्हणान मी सांगूक नाय.” तिने माझ्या पानात खीर वाढली. “मी येवची नाय. तुमी आज पाणी सोडलात म्हणान रवतंय असां समजा नकात. माका हंय बरां वाटता, म्हणान रवतंय.”

दाजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला की वाईट वाटलं, मला ठरवता येईना. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्यो बोलता काय गो कधी?”

“मंत्र बोलतत,” सुगंधा म्हणाली. “त्येतले अर्धे.”

पहिल्यांदा गुरुजी हसले. मग दाजी हसले, मग मुलांना परवानगी मिळाली. मीही हसलो. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं आणि ते इतक्या लोकांसमोर उतरलं याची लाजही वाटत होती. “आताच दिलंय,” दाजी गुरुजींना म्हणाले, “आताच परत खंय मागू?” आणि त्यांनी खीर दुसऱ्यांदा मागून घेतली.

सकाळी मी त्यांना तरीपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ते सुगंधाच्या आईबद्दल बोलले. ती कशी होती, कशाला हसायची, ओव्या कोणत्या म्हणायची. मी ऐकत होतो. माझ्याशी ते एवढे कधी बोलले नव्हते. होडीत चढताना ते मागे वळले आणि म्हणाले, “पत्राचां उत्तर घाला. माझ्या तोंडाचां भाऊ मानूचो नाय. तेका लिवललां होयां.”

तो निरोप घेऊन मी परत आलो. सुगंधा खळ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी दौतटाक घेऊन तिच्यासमोर बसलो. ‘तीर्थरूप दाजी यांस शिरसाष्टांग नमस्कार. आपले पत्र पोहोचले. उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी.’ एवढं लिहून हात नेहमीच्या जागी थांबला. या वेळी मी मान वर केली.

“तू सुखात आहेस का?” मी विचारलं. “काय लिहू?”

तिने सुपातला एक खडा काढून टाकला.

“लिवा,” ती म्हणाली. “पाणी वडून वडून हातांक घट्टे पडले. खोपी गळता. पोरां दिवसभर वयनी वयनी करून जीव खातत. आनंदीकाकी मायेची आसा, पण मीठ कमी घालता. घोवाक पाठ केललां रवणा नाय. आणि ह्या सगळ्याक सुख म्हणतत काय नाय, ता बाबांनीच ठरवचां.”

मी म्हटलं, हे असं लिहायचं? ती म्हणाली, असंच. पत्र म्हटलं की आपण शाळेची भाषा लिहितो. घरात बोलतो ते कागदावर उतरवायला मला फार अवघड गेलं. ‘घोवाक पाठ केललां रवणा नाय’ हे स्वतःच्या हाताने लिहिताना तर टाक दोनदा अडखळला. तिने सगळं मला वाचून दाखवायला लावलं. मिठाचं वाक्य काढूया, असं मी सुचवलं. ती नाही म्हणाली. काकींनाच वाचून दाखवते म्हणाली, आणि तिने खरोखर दाखवलं. त्या दिवसापासून पिठीत मीठ बरोबर पडू लागलं.

पुढे मी शिकलो, जेमतेम का होईना. वडिलांच्या वाड्या परत मिळाल्या. जन्मभर लोकांची लग्नं लावली. कितीतरी ठिकाणी मी अडखळलो आणि यजमानांनी ते कानाआड केलं. विधुर बाप खांबामागे उभा दिसला की मी त्याला बोलावून पाटावर बसवायचो. कोणी हरकत घेतली तर गुरुजींचं नाव सांगायचो. माझ्या नावावर कोणी ऐकलं नसतं. मी केलेल्या कामात कशाचं समाधान आहे असं कोणी विचारलं तर एवढंच सांगता येईल, आणि तेही माझं नव्हे.

पण ते पत्र. ते मी डिंकाने चिकटवलं, पत्ता घातला, आणि उद्यावर टाकलं तर पुन्हा बासनात जाईल या भीतीने तसाच अनवाणी निघालो. सुगंधा म्हणाली, मीही येते, तुमचा भरवसा नाही. दोघं वाळूतून तरीच्या धक्क्यापर्यंत चालत गेलो. तिथल्या दुकानाच्या खांबाला पोस्टाची लाल पेटी टांगलेली असायची. आम्ही पोचलो तेव्हा पोस्टमन पेटी रिकामी करून कुलूप घालत होता. मी पत्र त्याच्या हातात दिलं.